हार्लेमचे ऊन, वेरिबीचे ताक

मित्रांनो, जेवताना "सांडू नकोस" म्हणून ज्याच्यापायी तुम्ही घरात ओरडा खाता, त्या जातीतला मी एक जुना टेबलक्लॉथ आहे. जुना म्हणजे तुमच्या आजीच्या आजीपेक्षाही जुना. माझा रंग पांढरा आहे आणि त्याचा मला गर्व आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी जरा जास्त मिरवलो तर तुम्ही मनावर घेणार नाही. सध्या माझा मुक्काम ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या वेरिबीत आहे. मराठी मी इथेच शिकलो. कशी, ते ओघाने येईलच.

माझा जन्म जवसातून झाला. नाक मुरडू नका. तुम्ही ज्याची चटणी करता तेच जवस, फक्त माझ्या वाट्याला बी न येता देठ आले. देठ भिजवून, कुटून, विंचरून त्याचा धागा काढतात आणि त्या धाग्याच्या कापडाला लिनन म्हणतात. विणकराने माझ्या अंगात कापडाच्याच रंगाची वेलबुट्टी विणली. ती एरवी दिसत नाही, उजेड तिरका पडला की उमटते. पण मागावरून उतरलो तेव्हा मी पांढरा कुठला असायला? चांगला मातकट होतो. मला पांढरे करण्यासाठी नेदरलँड्समधल्या हार्लेम नावाच्या शहरात पाठवले.

त्या काळी हे काम करून घ्यायला लांबलांबचे कापड हार्लेमला यायचे. शहराबाहेर समुद्राच्या बाजूला वाळूच्या टेकड्या होत्या. त्यांच्या पायथ्याशी हिरवळीची मोठी मैदाने आणि मैदानांतून स्वच्छ पाण्याचे चर. तिथे आम्हाला आधी राखेच्या खाऱ्या पाण्यात घालत, मग गवतावर उन्हात पसरत, वरून पाणी मारत आणि शेवटी ताकाच्या पिंपात बुडवून ठेवत. होय मित्रांनो, ताकाच्याच. आसपासच्या गोठ्यांतून आंबट ताक यायचे. मग पुन्हा धुणे, पुन्हा ऊन, पुन्हा ताक. वसंतात सुरू झालेले हे काम उन्हाळा सरेपर्यंत चालायचे.

हे करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. त्यांतल्या कितीतरी परमुलखातून हंगामापुरत्या आलेल्या. त्यांची नावे मला ठाऊक नाहीत, पण हात आठवतात. पाण्यात राहून सुरकुतलेले, गार हात. माझ्या पांढरेपणाचे कौतुक पुढे पुष्कळांनी केले. ते खरे त्या हातांचे होते.

हार्लेम चित्रकारांचेही शहर होते. चित्रकार टेकडीवर चढून बसत आणि समोर दिसेल ते रंगवत. वर भलेमोठे ढगाळ आभाळ, लांबवर शहर आणि त्यातून मान वर काढणारे चर्च, खाली मैदानावर पांढऱ्या पट्ट्या. त्या पट्ट्या म्हणजे आमचेच भाऊबंद. पट्ट्यांच्या कडेला रंगाचे दोन-चार ठिपके दिले की झाल्या त्या बायका. शहरातले श्रीमंत लोक ही चित्रे भिंतीवर लावत आणि आम्हाला टेबलावर पसरत.

मीही एका व्यापाऱ्याच्या टेबलावर गेलो. ते माझे सुखाचे दिवस. माझ्यावर मासे, पाव, चीज आणि वाइन असे सगळे मांडले जायचे. पाहुणे बसायच्या आधी माझ्या वेलबुट्टीवरून हात फिरवायचे आणि मी आतल्या आत फुगून जायचो. पुढे एकदा खुर्चीच्या पायात अडकून माझी एक बाजू फाटली. मालकिणीच्या मनातून मी उतरलो. तिने मला घरकाम करणाऱ्या मुलीला तिच्या लग्नात देऊन टाकले. त्या मुलीने मला मांडीवर घेऊन असे बारीक रफू केले की फाटले कुठे होते ते शोधावे लागते. माझ्या अंगावरचा सर्वांत सुंदर भाग कोणता असे विचाराल तर मी ते रफू दाखवीन.

त्या मुलीकडून मी तिच्या लेकीकडे गेलो, तिच्याकडून तिच्या लेकीकडे. प्रत्येकीने मला जपले आणि तिथेच माझे दिवस फिरले. जपायचे म्हणजे वापरायचे नाही, असे त्या घराण्यात ठरूनच गेले. शेवटी ज्या बाईकडे मी आलो, ती महायुद्धानंतर नवरा आणि लहान मुलगी घेऊन बोटीने ऑस्ट्रेलियाला निघाली. ट्रंकेत सर्वांत खाली मी होतो. वेरिबीच्या लोकांसाठी भाजी पिकवत त्यांनी इथे बस्तान बसवले. घर झाले, चांगले टेबल आले, की हा पसरू, असे ती म्हणायची. घर झाले. टेबलही आले. मुलीचे लग्न झाले, नातवंडे झाली. मी मात्र कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने पडून राहिलो. ती बाई गेली, तिने माझ्यावर एक घास खाल्ला नाही. मला कुणी फेकले नव्हते, कुणी फाडले नव्हते, तरी मी किती दुःखी होतो ते कुणाला सांगणार?

तिची ती लहान मुलगी म्हणजे हेनी. आता ती पंचाऐंशीच्या पुढे आहे. तिचा मुलगा पर्थला असतो आणि त्याने केव्हाच सांगून टाकले आहे की ही जुनी कापडे मला नकोत. हेनीच्या दोन घरे पलीकडे सुहासिनी राहते. हीच ती बाई, जिच्यामुळे मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

सुहासिनी पुण्याची. इथल्या युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवते आणि तिचे सगळे संशोधन हार्लेमवर आहे. तिथले कापड, तिथली चित्रे, तिथली कष्टकरी माणसे. तिचा नवरा शैलेंद्र आयटीत आहे. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक मराठी पाहुणा तिला हमखास विचारतो की पुण्याची असून तुला पेशवाईवर काही करता आले नाही का? ती हसते आणि चहा टाकायला उठते. तरुणपणी तिने एका संग्रहालयात हार्लेमचे एक चित्र पाहिले होते. सगळे लोक आभाळाकडे पाहत होते आणि ती खालच्या ठिपक्यांकडे पाहत उभी राहिली. ह्या बायका कोण, कुठून आल्या, दिवसभर काय करत होत्या, एवढेच तिला कळून घ्यायचे होते. त्यासाठी ती कितीदा तरी हार्लेमला गेली, जुने अक्षर वाचायला शिकली आणि डच भाषा हेनीच्या स्वयंपाकघरात बसून शिकली. उच्चार चुकला की हेनी टेबलावर चमचा आपटायची. शब्द अडला की सुहासिनी मराठीत पुटपुटायची. मी बाजूच्याच कपाटात होतो, मला सगळे ऐकू यायचे, माझे मराठी ते तिथलेच.

सुहासिनीने युनिव्हर्सिटीत एक प्रदर्शन ठरवले. हार्लेमची चित्रे, नकाशे, त्या बायकांची माहिती असे सगळे तिने जमवले. फक्त हार्लेमच्या मैदानावर पांढरे झालेले खरे कापड तिच्याकडे नव्हते. हे ऐकून हेनी एक दिवस उठली आणि मला काढून तिच्यापुढे ठेवले. सुहासिनीने माझी घडी उलगडली. तिचे बोट रफूवर आले आणि तिथेच थांबले. तिचे डोळे भरून आले, हे मी स्वतः पाहिले आहे. हेनीने एकच अट घातली, की जसा आहे तसा परत हवा. सुहासिनीने शब्द दिला.

तो शनिवार होता. प्रदर्शनाला अवकाश होता, पण फोटो काढायला सोमवारी मला युनिव्हर्सिटीत न्यायचे होते, म्हणून सुहासिनीने टिश्यू पेपरात गुंडाळून मला जेवणघरातल्या कपाटाच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. आणि त्याच दिवशी त्यांच्याकडे केळवण होते. शैलेंद्रची मामेबहीण मयूरा इथेच मेलबर्नला नोकरी करते. तिचे विहानशी लग्न ठरले होते, डिसेंबरात पुण्याला. सुहासिनी तिला आणि बरोबरच्या मंडळींना आणायला स्टेशनवर गेली आणि टेबल मांडायचे काम शैलेंद्रवर आले.

शैलेंद्र मोठा उत्साही माणूस. त्याने ड्रॉवर उघडला. वर रोजचा प्लास्टिकचा टेबलक्लॉथ होता, खाली टिश्यू पेपरात गुंडाळलेला मी. टिश्यू पेपरात असते ती भेटच, असे त्याला वाटले. केळवणाला चांगली वस्तू काढायची नाही तर कधी काढायची? त्याने मला झटकले आणि टेबलावर पसरले. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की काही विचारू नका. किती काळाने माझ्या पोटाखाली टेबल आले होते. खिडकीतून ऑक्टोबरचे ऊन येत होते. तुमच्याकडे तेव्हा अंगाची काहिली होते, इथे वसंत असतो. त्या उन्हात माझी वेलबुट्टी उमटली आणि शैलेंद्र तिच्याकडे कौतुकाने पाहत राहिला. मग त्याने माझ्यावर केळीची पाने मांडली. ती पाने इंडियन ग्रोसरीतली, फ्रोझन. भोवती रांगोळी काढली आणि पदार्थ वाढायला घेतले.

सुहासिनी पाहुण्यांना घेऊन आली तेव्हा पाने वाढून तयार होती. शैलेंद्रने मयूराला थेट पानावर नेऊन बसवले. इतर मंडळीही बसली. सुहासिनी दारातून आत आली, तिने मला पाहिले आणि तिच्या तोंडचे पाणी पळाले. एका शब्दाने तिला मला वाचवता आले असते. सगळे उठा, पाने काढा, एवढेच म्हणायचे होते. पण नवरी भरल्या पानावर बसलेली. भरल्या पानावरून माणसाला उठवत नाहीत, आणि केळवणाच्या पानावरून नवरीला तर नाहीच नाही. सुहासिनी किती शिकलेली, किती देश पाहिलेली, पण तिचे पाऊल पुढे पडेना. तिने हसून मयूराला औक्षण केले आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली.

बर्फात राहिलेल्या केळीच्या पानाला एक खोड असते. ते शिरेवरून चिरते. मयूराने भाताचे आळे केले, शैलेंद्रने त्यात हौसेने डावभर वरण वाढले आणि ते वरण चिरेतून निघून सरळ माझ्या अंगात मुरले. पानाखाली काय चालले आहे ते कुणाला दिसले नाही. जेवणे हसतखेळत झाली. पाने उचलली तेव्हा माझ्यावर, रफूच्या अगदी शेजारी, हातभर पिवळा डाग होता.

मग सुहासिनीने सांगितले की मी कोण आहे. शैलेंद्र खुर्चीत बसला तो बसलाच. "अगं, टिश्यूमध्ये होता. मला वाटलं कुणाचं तरी गिफ्ट आलंय," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मयूराला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले. सुहासिनी फोन करायला आतल्या खोलीत गेली, तेवढ्यात ती बिचारी मला घेऊन लाँड्रीत शिरली आणि कपडे धुण्याची पावडर घेऊन डाग चोळू लागली. हळदीवर साबण पडला की काय होते ते तुमच्या घरी कुणीही सांगेल. डाग लाल झाला. हातभर लाल डाग आणि मध्ये रडणारी नवरी, असे ते दृश्य होते. सुहासिनी धावत आली, तिने मला साध्या पाण्यातून काढले आणि मयूराला जवळ घेतले. तिला ती एका शब्दाने बोलली नाही.

फोन तिने एका मैत्रिणीला केला होता. ती मैत्रीण जुन्या कापडांची देखभाल करते. तिने सांगितले, की एवढे जुने कापड म्हणजे कशाचीही खात्री नाही. काही केले तर धागे तुटतील, रफू सुटेल. काही केले नाही तर डाग राहील. आणि कापड दुसऱ्याचे असताना आधी मालकिणीला विचार.

रविवारी सकाळी सुहासिनी मला दोन्ही हातांवर घेऊन हेनीकडे गेली. तिला वाटेत दोनदा थांबावे लागले. अंतर दोन घरांचेच होते. हेनीने दार उघडले. दोघींचे बोलणे इंग्रजीत झाले, मी तुम्हाला ते मराठीत सांगतो.

"हेनी, मी दिलेला शब्द मोडला," सुहासिनी म्हणाली आणि तिने मला टेबलावर उलगडले. काय झाले ते सगळे तिने सांगितले. "टेबलावर दिसला तेव्हाच काढायला हवा होता. पण आमच्यात नवरीला भरल्या पानावरून उठवत नाहीत. मी गप्प राहिले."

हेनी लाल डागावर वाकली. मी भीतीने आणखी पांढरा पडलो असतो, जर ते शक्य असते तर. मग तिने भलतेच काही विचारले.

"त्यांनी काय खाल्लं?"

सुहासिनीने सांगितले. वरणभात, मसालेभात, बटाट्याची भाजी, अळूवडी, श्रीखंड. हेनीने अळूवडी म्हणजे काय ते विचारून घेतले. मग म्हणाली, "माझ्या आईनं याच्यावर कधी कॉफीसुद्धा प्यायली नाही. चांगला दिवस येईल म्हणून थांबली." तिने डागावरून बोट फिरवले. "तू ताकाबद्दल आणि उन्हाबद्दल इतकं लिहिलंस. ते खरं आहे, की नुसतं लिहिलेलं आहे?"

"माहीत नाही," सुहासिनी म्हणाली. "मी कधी करून पाहिलेलं नाही."

"मग आता कर. फाटला तर माझा फाटेल."

मित्रांनो, फाटणार मी होतो, हे दोघींच्याही लक्षात आले नाही. पण मला राग आला नाही. ताक हा शब्द ऐकला आणि माझ्या धाग्याधाग्याला काहीतरी आठवले.

त्या संध्याकाळी सुहासिनीने घरातल्या सगळ्या मोठ्या पातेल्यांत दुधाला विरजण लावले. दही लागले, ते चांगले आंबट होऊ दिले. मग शैलेंद्रने ते रवीने घुसळले, कारण आता तो सांगाल ते काम करत होता. लोणी काढून घेतले. तूप कढवले तेव्हा घरभर वास सुटला आणि त्यांची मुलगी उर्वी शाळेतून आल्या आल्या म्हणाली, "आई, व्हाय डझ द हाउस स्मेल सो गुड?" खाली उरलेले ताक सुहासिनीने एका टबात ओतले आणि मला दोन्ही हातांनी अलगद त्यात सोडले.

काय सांगू तुम्हाला. तो गारवा, तो आंबट वास. हार्लेमचे पिंप आणि वेरिबीचा टब यांत काही फरक राहिला नाही. इतक्या पिढ्या मी माझ्या पांढरेपणाची ऐट मिरवली, पण तो कुठून आला हे जवळजवळ विसरलो होतो. मला माझे बालपण परत मिळाले आणि मी त्या ताकात मनसोक्त रडलो. टेबलक्लॉथचे रडणे कुणाला दिसत नाही, ते एक बरे असते.

टबाशेजारी उर्वी वाकून बसली होती. "आई, इट्स गोइंग यलो अगेन," ती म्हणाली. खरेच, लाल डाग पुन्हा पिवळा होत होता. शैलेंद्रने विचारले की उरलेल्या ताकाची कढी करायची का, आणि तिने त्याच्याकडे असे पाहिले की तो मुकाट्याने पातेली घासायला गेला.

पिवळा डाग घालवायचे काम उन्हाचे. दुसऱ्या दिवशी सुहासिनीने मला मागच्या अंगणात गवतावर पसरले. वेरिबीची जमीन हार्लेमसारखीच सपाट आहे आणि वारा समुद्रावरून येतो. ऊन मात्र इथले कडक. कापड कोरडे ठेवून त्या उन्हात जाळायचे नव्हते, म्हणून ती झारीने पाणी मारायची. आत जाऊन चहाचा कप हातात घेते न घेते तोच माझी एक बाजू वाळलेली असायची. ती पळत यायची. त्या बाजूला पाणी मारले की दुसरी वाळायची. मध्येच ढग यायचे, पावसाचे चार थेंब पडायचे, पुन्हा ऊन. एक मॅगपाय पक्षी माझ्यावरून चालत गेला, त्याला हाकलायला ती पुन्हा पळाली. हेनी डोक्याला मोठी टोपी घालून खुर्चीवर बसायची आणि कुठे वाळले ते काठीने दाखवायची. युनिव्हर्सिटीचे तास नसतील त्या दिवशी त्यांचे हेच चालले होते. अधूनमधून ताक, धुणे, मग पुन्हा ऊन.

अशाच एका दुपारी सुहासिनी मागच्या पायरीवर दमून बसली. केस विस्कटलेले, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातांना सुरकुत्या पडलेल्या. स्वतःच्या हातांकडे पाहून ती एकाएकी हसू लागली. शैलेंद्र बाहेर आला आणि काय झाले म्हणून त्याने विचारले.

"मी पुस्तकात काय लिहिलंय माहितीये? चित्रातल्या त्या बायका कापडाच्या कडेला राखण करत उभ्या आहेत. अख्खं एक प्रकरण आहे त्यावर," ती म्हणाली. "अरे, उभ्या कसल्या? त्या पळत असणार रे. इकडचं भिजवलं की तिकडचं वाळतं. चित्रात उभ्या दिसतात एवढंच. उभं राहायला वेळ कुठला होता त्यांना?"

मी गवतावर पडल्या पडल्या मनात म्हटले, बाई, मला विचारायचे होतेस. पण खरे सांगायचे तर मला कुणी विचारूनही उपयोग नव्हता. ते तिला तिच्या पायांनीच कळायचे होते. त्या रात्री तिने ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतले आणि युनिव्हर्सिटीतल्या लोकांना सरळ सांगून टाकले की माझी समजूत चुकली होती.

माझे काय झाले ते सांगतो. धागे तुटले नाहीत. रफू सुटले नाही. त्या मुलीने घातलेला एकही टाका हलला नाही. डाग दिवसेंदिवस फिकट होत गेला आणि शेवटी एक अगदी पुसट, सायीच्या रंगाची कडा उरली. ती माहीत असणाऱ्यालाच दिसते. सुहासिनीला आणखी एक ताक द्यायचे होते, पण हेनी म्हणाली की आता पुरे, म्हातारा दमला असेल. मला म्हातारा म्हणायची काही गरज नव्हती.

प्रदर्शन झाले. भिंतीवर त्या चित्रांच्या मोठ्या प्रती होत्या आणि मध्ये एका साध्या टेबलावर मी. काचेत नाही, मोकळा. शेजारच्या पाटीवर सुहासिनीने, हेनीच्या घराण्यात सांगत आले तसा, माझा सगळा इतिहास लिहिला होता. हार्लेमचे मैदान, व्यापाऱ्याचे घर, रफू करणारी मुलगी, हेनीच्या आईची ट्रंक आणि अगदी शेवटी मयूराचे केळवण. पुष्कळ लोक वाकून ती सायीच्या रंगाची कडा शोधायचे आणि सापडली की हसायचे. मग चित्रांकडे जाऊन आभाळाऐवजी खालचे ठिपके पाहायचे. सुहासिनी एका कोपऱ्यात उभी राहून हे पाहत होती. आणि तिच्याइतकाच मीही खूश होतो.

त्यानंतर मी हेनीकडे परत गेलो. सुहासिनीने मला नव्या टिश्यू पेपरात गुंडाळून दिले. हेनीने तो कागद काढून रद्दीत टाकला. लग्न करून मयूरा आणि विहान पुण्याहून परत आले, तेव्हा तिने सगळ्यांना एका रविवारी जेवायला बोलावले. तिने स्वतः बटाट्याचे काहीतरी डच पद्धतीचे केले होते आणि वरण आणायला सुहासिनीला सांगितले होते. टेबलावर मी होतो. आईच्या त्याच टेबलावर, ज्याची मी इतकी वर्षे वाट पाहिली होती.

पण जेवण काही सुरू होईना. शैलेंद्र कोपरे अंगाशी घेऊन बसला होता. मयूराने ताट इतके जवळ ओढले होते की ते मांडीवर पडायचे बाकी होते. उर्वीला चारचारदा बजावलेले, त्यामुळे तिने पाण्याच्या ग्लासलाही हात लावला नाही. वरणाचे भांडे मध्यभागी तसेच वाफाळत होते आणि कुणी त्याच्याकडे बघत नव्हते. मला मेजवानीऐवजी परीक्षेच्या हॉलमध्ये असल्यासारखे वाटू लागले.

हेनीने सगळ्यांकडे एकदा पाहिले. मग तिने भांड्यातून चमचाभर वरण घेतले, हात माझ्यावर आणला आणि चमचा शांतपणे उपडा केला.

"झालं," ती म्हणाली. "आता जेवा."

मग उर्वी हसली, आणि तिच्या पाठोपाठ सगळे. भांडी फिरू लागली. विहानने दुसऱ्यांदा वरण मागून घेतले. हेनी आपल्या आईच्या गोष्टी सांगत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. अंगावर गरम वरण घेऊन मी त्या टेबलावर पसरलो होतो. व्यापाऱ्याच्या घरातल्या सगळ्या मेजवान्या एका बाजूला ठेवा, मित्रांनो. माझा सर्वांत मोठा दिवस हा.

तुमच्या घरातही कपाटाच्या तळाशी कुणीतरी असेलच. एखादी पैठणी, एखादा काचेचा सेट, आजोबांचे पेन. चांगल्या दिवसाची वाट पाहत पडलेले. आमचे एक ऐका. त्यांना नीट हाताळा, फाटले तर शिवा, कुणी बनवले ते विचारून घ्या. पण बाहेर काढा. डाग पडायची भीती आम्हाला तुमच्याइतकी वाटत नाही. डागाचे काय करायचे ते आम्हाला ठाऊक आहे.

सोमवारी सकाळी सुहासिनी ताक घेऊन आली, तेव्हा हेनी अंगणात खुर्ची मांडून, टोपी घालून तयार बसली होती. झारी तिने आधीच भरून ठेवली होती.